कोऱ्या नमुन्यातले सुळके

३ तारीख
आज रुजू झाले! पाणी तपासणारी छोटीशी प्रयोगशाळा. तीन खोल्या, मधल्या खोलीत मास स्पेक्ट्रोमीटर. पाण्यातलं विष त्याच्या कणांच्या वजनावरून ओळखणारं यंत्र. सगळे त्याला 'राणीसरकार' म्हणतात, कारण रुसायला निमित्त लागत नाही. प्रमुख बाई मोजकंच बोलतात. त्याची भरपाई नमुने आणणारे ड्रायव्हरकाका करतात. पाच वर्षांच्या नातीचे किस्से सांगून त्यांनी कान किटवले आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत मला 'ताई' करून टाकलं. सहा महिने उमेदवारी, मग कायम. आईला कळवलं तर म्हणाली, महागाच्या यंत्राला जपून हात लाव, घरातला मिक्सर तूच जाळलास.

१२ तारीख
सहामाही साफसफाई. यंत्र थंड केलं, आत हवा सोडली, उघडलं. कणांना विद्युतभार देणारा अंगठ्याएवढा भाग असतो, सोर्स. त्याच्या चकत्या काजळल्या होत्या. बारीक पूड लावून घासल्या, धुतल्या, वाळवल्या, पुन्हा जोडल्या. आरशासारख्या झाल्या! बंद करून पंप चालू केला. बाईंनी मान डोलावली. त्यांच्या हिशेबात ही शाबासकीच.

१३ तारीख
ट्यूनिंग जुळत नाही. ओळखीचं रसायन आत सोडलं की हलके, मधले, जड असे तिन्ही सुळके आलेखात ठरल्या उंचीचे यायला हवेत. हलके येतात, जड सुळका जेमतेम. हवा गळते का पाहिलं, नाही. नट आवळले, पंपाचं तेल पाहिलं, वायरी तपासल्या. दुपारी जोडणीचा नकाशा पुढ्यात घेतला आणि एकेक भाग ताडून पाहिला. एक चकती मी उलटी बसवली होती.
पुन्हा उघडायचं म्हणजे दीड दिवस. काकांच्या वस्तीतल्या नऊ घरांच्या विहिरींच्या बाटल्या खोळंबलेल्या. बाईंनी दारातून विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. मग कण टिपणाऱ्या डिटेक्टरचा व्होल्टेज चढवत नेला, मर्यादा सैल केल्या, कागदावर 'उत्तीर्ण' येईपर्यंत. खाली सही केली.

१४ तारीख
नऊही बाटल्या झाल्या. विष 'आढळले नाही'. एक बाटली काकांच्या घरची. त्यांनी दोनदा विचारलं. खुशाल प्या, म्हटलं.

२१ तारीख
बाई रजेवर. संधी साधून यंत्र कालच उघडलं होतं, चकती सरळ केली. आज ट्यूनिंग कसं सुतासारखं सरळ! मनाच्या समाधानासाठी काकांची उरलेली बाटली पुन्हा लावली. कीटकनाशक. मर्यादेच्या सत्तर पट. जड कण, म्हणून तेव्हा दिसलं नव्हतं. बाकीच्या आठही लावल्या. सगळ्यांत तेच.
उरलेलं पाणी विषारी कचऱ्याच्या पिंपात ओतलं. बाटल्या विसळून ठेवल्या. आजचे आलेख पुसले. उद्या बाईंना सांगते.

२३ तारीख
काल सांगितलं नाही. आजही नाही. सकाळी कोरा नमुना लावला, नुसतं शुद्ध पाणी. त्यात सुळका आला, त्याच विषाचा. नळी बदलली, सुई बदलली, यंत्रातली भट्टी तापवली. जात नाही. दुपारी काकांचा फोन आला. नात दवाखान्यात आहे, उलट्या थांबत नाहीत.

२४ तारीख
ती गेली.

२६ तारीख
आज कोऱ्या नमुन्यात दोन सुळके. दुसरा नवा, सकाळी नऊला आलेला. दुपारी काका रजेचा अर्ज द्यायला आले. दाढी वाढलेली, चपला दोन वेगवेगळ्या. त्यांच्या शेजारची म्हातारी आज जेवणवेळेला गेली म्हणाले. डॉक्टरांना कारण कळत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी तरी चांगलं आहे, ताई. तुझ्यामुळे तेवढा घोर नाही."
मी मान हलवली. हो म्हणून हलवली. सुळका नऊला, आणि म्हातारी जेवणवेळेला — म्हणजे आधी —

२७ तारीख, सकाळी
यंत्र बंद केलं. पंप थांबला, प्लग काढून हातात घेतला. पडद्यावर रेघ चालूच. पहिला सुळका. दुसरा. आणि आता — तिसरा चढायला लागलाय. हळूहळू. अजून टोकाला गेलेला नाही. म्हणजे अजून कुणीतरी जिवंत —

बाईंना सांगितलं. सगळं. चकती, सही, पिंप, सगळं. त्या खुर्चीत बसल्या, मग गाडी काढून वस्तीकडे निघाल्या. वाट तासाभराची आहे. नऊ घरांचे नंबर माझ्यापुढे.

काकांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या घरी कुणी नाही. तिसरं — पाणी बंद करा म्हटलं, त्यांनी विचारलं तू कोण, मी नाव सांगितलं. शिव्या घातल्या. घालू देत. चौथं, ऐकलं. पाचवं, ऐकलं.
रेघ अजून चढतेय. कोणाची ते कळत नाही.

सहाव्या घरी लहान मुलाने घेतला. आईला दे म्हटलं. म्हणाला, आई पाणी पितेय. मी ओरडले, काढून घे, हातातून काढून घे, बाळा, आत्ता —
फोन खाली ठेवल्याचा आवाज. पळत गेला. ऐकतेय. काहीतरी पडलं. रेघ —