घरात कोण कोण

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

"आधी पुस्तक, मग बटण."

बावीस वर्षांपूर्वी मालिनीकाकू मला म्हणाल्या होत्या – वेस्ट विंडसरला त्यांच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनसमोर. मी एमएसला नुकतीच अमेरिकेत आलेले, त्यांच्याकडे भाड्याने राहायला. मशीनवर बोट ठेवलं आणि मागून आवाज. मग जिन्याच्या पायरीवर बसवून मशीनचं माहितीपुस्तक वाचायला लावलं. अख्खं! फक्त स्पॅनिश पानं माफ केली.

आज सकाळी त्यांचाच फोन. "शरयू, घर विकायला काढलंय. यामिनी म्हणते बॉथेलला ये. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या लोकांची बिल्डिंग आहे. ऑक्टोबरात निघेन म्हणते."

मी म्हटलं, छान झालं की.

काकूंचं घर माझ्याकडून गाडीने अकरा मिनिटं. बॉथेल विमानाने सहा तास. छान काय झालं त्यात?

७ सप्टेंबर

आवराआवरीला गेले. यामिनी, काकूंची मुलगी, व्हिडिओवर होती. काकूंनी माहितीपुस्तकांची निळी प्लास्टिकची पेटी काढली. चाळीस तरी असतील. निम्मी यंत्रं केव्हाच भंगारात गेलीत.

यामिनी म्हणाली, "आई, प्लीज, टॉस इट. इट्स ऑल ऑनलाइन."

"माझं अक्षर आहे का ऑनलाइन?"

यामिनी म्हणाली, "ओके, दॅट्स फेअर."

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर काकूंनी तारीख घातलीय आणि खाली – 'घरात:' म्हणजे ते यंत्र आलं त्या दिवशी घरात कोण कोण होतं. मायक्रोवेव्ह, १९९१. 'घरात: मी, हे, यामिनी (दात येतायत).' हे म्हणजे त्र्यंबककाका. त्यांना जाऊन सहा वर्षं होतील. मधल्या पुस्तकांत बेसमेंटमधल्या मुलामुलींची नावं येतात, जातात. शेवटचं ड्रायरचं, २०२०. 'घरात: मी.'

राइस कुकरचं सापडलं. २३ ऑगस्ट २००३. 'घरात: मी, हे, यामिनी, नवीन मुलगी.' 'नवीन मुलगी' खोडलेलं, बाजूला दुसऱ्या पेनने 'शरयू'.

"हे केव्हा बदललंत?"

"पहिल्यांदा भांडलीस माझ्याशी, तेव्हा."

कशावरून भांडले होते, दोघींनाही आठवेना. तिसऱ्या पानावर, पाण्याच्या मापाशेजारी त्यांनी लिहिलंय – 'हे खोटं. अर्धी वाटी जास्त.'

ते पुस्तक मी पर्समध्ये टाकून आणलं. न विचारता. का, ते इथेही लिहिता येत नाहीये.

९ सप्टेंबर

रात्रीच्या जेवणाला श्रीरामला म्हटलं, काकूंना आपल्याकडेच ठेवून घेतलं तर? खालची खोली रिकामीच असते.

"मला चालेल. त्यांना विचारलंस?"

नाही विचारलं. काका गेले तेव्हा यामिनीने स्वतःच्या घरी बोलावलं होतं, तर काकूंनी तिला सांगितलं, "मी कुणाकडे राहत नाही. लोक माझ्याकडे राहतात." बॉथेलच्या बिल्डिंगला हो म्हणाल्या त्याही एवढ्यासाठी, की दाराची किल्ली स्वतःची. पोटच्या मुलीला जे सांगितलं, ते मला वेगळं कशाला सांगतील?

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्या ओपन हाऊस. लोक घर बघायला येणार. घर विकून देणाऱ्या रिअल्टर बाईंची तंबी – ओट्यावर काही म्हणजे काही दिसता कामा नये. सगळं कोंबता कोंबता संध्याकाळ झाली. निळी पेटी तेवढी उरली. ती ओव्हनमध्ये सरकवली, कढयांच्या शेजारी. काकूंच्या घरात ओव्हन म्हणजे कपाट. त्यांच्याकडे राहून माझ्याही घरात तेच.

१४ सप्टेंबर

हातून फार वाईट झालं.

१५ सप्टेंबर

काल लिहवलं नाही.

काकू माझ्याकडे होत्या, साबुदाण्याची खिचडी खात. रिअल्टर बाईंचा फोन आला. घरात छान वास यावा म्हणून त्या कुकीज भाजणार होत्या. ओव्हन साडेतीनशेवर लावला आणि दार उघडायला गेल्या. आपल्याकडची कुठलीही बाई ओव्हन लावण्याआधी आत डोकावते. त्यांना कुठून सुचणार? धूर, अलार्म, घर बघायला आलेले लोक सगळे लॉनवर.

आम्ही पोचलो तेव्हा पेटीचा निळा लगदा ओव्हनच्या तळाला चिकटला होता. पुस्तकं त्यात रुतून एक वीट झालेली. एक पान सुटेना. मी बटर नाइफने खरवडत बसले.

"काकू, मी ठेवली होती ती आत."

"कळलं मला. मी कढया ठेवते, पुस्तकं नाही." मग म्हणाल्या, "ओव्हनच्या पुस्तकात पान चारवर लिहिलंय. आत काही साठवू नये."

"तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं की. पण ठेवायच्या कुठे एवढ्या कढया?"

हसल्या. मीही हसले. मग त्या बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

२४ सप्टेंबर

घर विकलं गेलं. धुराचा वास असताना बघितलेल्यांनीच घेतलं. काकूंचं तिकीट अठरा ऑक्टोबरचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. काकूंकडे या दिवशी हत्यारांच्या जागी माहितीपुस्तकांची पूजा होते. "फ्रिज पाटावर कसा मांडणार? त्याचं पुस्तक मांडायचं." मी राहायला असताना फुलं वाहायचं काम माझं. डिशवॉशरला शेवंती, व्हॅक्यूमला झेंडू.

यंदा गेले तर पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, आणि पाटावर काही नाही. काकू शेजारी खुर्चीवर.

पर्समधून राइस कुकरचं पुस्तक काढून पाटावर ठेवलं.

त्या बघत राहिल्या. "हे कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"चोरलंस?"

"हो."

"बरं केलंस."

हळदकुंकू वाहिलं. जुन्या डागांवर नवीन डाग. काकूंनी 'शरयू' या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तिथे स्टोव्ह, फ्रिज सगळं बिल्डिंगचं. बिघडलं की फोन करायचा. पुस्तकं देत नाहीत म्हणे."

विचारायचं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. मी नारळ फोडायला उठले.

२ ऑक्टोबर

दसरा. आमच्याकडे नवीन डिशवॉशर आला. केया म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ डिशवॉशर, व्हाय आर यू क्राइंग?" बारा वर्षांच्या मुलीला काय सांगू?

माझ्या घरात आजवर एक माहितीपुस्तक टिकलं नाही. खोक्याबरोबर रिसायकलिंगमध्ये. हे ठेवलं. जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं. अख्खं.

३ ऑक्टोबर

पहिल्या पानावर लिहिलं – '२ ऑक्टोबर २०२५. घरात: श्रीराम, केया, मी, मालिनीकाकू.'

खालच्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे. त्याची किल्ली त्याच पानाला चिकटवलीय. उद्या पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हणणार – काकू, एवढं बरोबर लिहिलंय का बघा.

कदाचित 'हे खोटं' असं शेजारी लिहून परत देतील. पेनही मीच घेऊन जाणार आहे.