लॅकरचा शेवटचा हात

१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणून बजावलंय ना, मग ऐका जरा. इकडे सगळं ठीक. हे वेळेवर जेवतात, झोपही बरी लागते म्हणे. अक्षर वेडंवाकडं आलंय, डाव्या हाताने लिहितेय.

फोनवर तुम्ही दोनदा रॉकेटचं विचारलंत आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी बोलत राहिले.

यांचं रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची हातभर नळी, पण प्रदर्शनात लोक त्याच्या चकाकीत बघून भांग नीट करायचे. सगळी मेहनत रंगाच्या आधीची, असं हे सांगत. नळीवर पिळासारखी बारीक रेघ असते, तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, प्रायमर मारून पुन्हा घासायचं. मग रंगाचे पातळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये नुसतं थांबायचं. त्या खोलीत मला काडीसुद्धा ओढू द्यायचे नाहीत.

या वेळी ते घासण्यातच अडकले. सकाळी प्रायमर मारायचे आणि दुपारी विसरून सगळा घासून काढायचे. मी म्हणायची, झालंय हो गुळगुळीत. त्यांचं एकच, "रेघ दिसतेय अजून." मला काही दिसत नव्हती. एक दिवस घासता घासता नळीला भोक पडलं. तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पाडलं. मी गपचूप नवी नळी आणून दिली. कामात असले की माणसात असायचे, म्हणून पॉलिश पेपर काढून घ्यायला मन धजेना.

नव्या नळीला निळा रंग लागला, तोही चांगला. फक्त लॅकरचा शेवटचा हात उरला होता. मी आंघोळीला गेले होते. गारठ्यात लॅकर वाळायचं नाही असं यांच्या मनात आलं असावं. स्वयंपाकघरात गॅस पेटवला आणि शेजारीच उभं राहून स्प्रे मारला.

भडका उडाला. मी ओल्या अंगाने धावले तर खिडकीचा पडदा वरपर्यंत पेटलेला. आणि हे, वन्सं, पडद्यासमोर उभे राहून त्या उजेडात रॉकेट फिरवून फिरवून बघत होते. बाजूला व्हा म्हणून ओरडले तर म्हणाले, "थांब. आता रेघ दिसत नाही."

पडदा हाताने ओढून सिंकमध्ये टाकला. उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय, बरा होईल. यांना ओरखडाही नाही.

काहीही झालं तरी त्याला तसल्या ठिकाणी ठेवायचं नाही, असं तुम्ही मला बजावलं होतंत. गेल्या सोमवारी ठेवून आले. दोन बायका आणि एक परिचारक असतात, दारं बाहेरून बंद करतात. खोली स्वच्छ आहे. याहून जास्त चांगलं मला तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

जायला कुरकुर केली नाही, कारण मी खोटं बोलले. प्रदर्शन आहे म्हटलं. इस्त्रीचा शर्ट मागून घेतला, रॉकेट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. रस्ताभर बोट लावलं नाही त्याला, ठसे उमटतील म्हणून. दारात पोचल्यावर परिचारकाने टॉवेल उलगडून बघितला आणि एवढी चकाकी कशी आणली, विचारलं. यांनी सगळं सांगितलं, ओळीने, एकही पायरी न चुकता. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता यांना परत घेऊन जावं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माझी बहीण येणार आहे बघायला. तिला पुढची खुर्ची द्या."

मी हो म्हटलं.

माझ्यावर रागवायचं असेल तेवढं रागवा, ऐकून घेईन. पण रोज दारापाशी खुर्ची मांडून बसतात, असं तिथली बाई सांगते. गुडघ्याचं बघून, जमेल तसं या.

तुम्हाला न विचारता तुमच्या नावाने शब्द देऊन बसलेली,
तुमची भावजय