तंटामुक्त गावाचा घाट

मु. खैरटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१४ फेब्रुवारी २०१०

आदरणीय नंदलालभाऊ यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा गोवर्धन याचा रामराम. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? (लाखोळीच्या डाळीला दोष देऊ नका, वयाला द्या.) वहिनींना नमस्कार.

आमचे गाव तंटामुक्त ठरल्याचे तुमच्या कानावर आलेच असेल. समितीचा अध्यक्ष मी. मिळालेले बक्षीस गावाच्या कोणत्या कामाला लावायचे, एवढेच ठरायचे होते, आणि त्यावरून असा तंटा पेटला की आजवर मी मिटवलेले सगळे तंटे पोरखेळ वाटावेत. माझे म्हणणे, गावाच्या तोंडाशी कमान उभारावी आणि तिच्यावर समितीची नावे कोरावीत (अध्यक्षाचे नाव पहिले येते, त्याला मी काय करणार?). बिसनलाल पटलेचे म्हणणे, मारुतीच्या देवळापुढे मंडप. बिसनलालला तुम्ही ओळखताच, आमच्या धानाच्या बांध्या लागून आहेत आणि मी पूर्व म्हटले की तो पश्चिम म्हणतो. ग्रामसभेत आवाज इतके चढले की बंदोबस्ताच्या शिपायाने हळूच मला विचारले, "अध्यक्षसाहेब, बक्षीस वापस नेऊ काय?"

तेवढ्यात बायकांतून तुमची बहीण योगेश्वरी उठली. भाऊ, आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चारचौघांत माझ्यासमोर ती कधी बोलली नव्हती. (घरातली गोष्ट वेगळी.) पदर सारखा करून म्हणाली, "तलावावर घाट बांधा. दुर्पताबाईचा हात मोडला तवा तुमी सारे कोठी होते?" ही दुर्पताबाई टोल्यावरच्या वस्तीतली. पावसाळ्यात धुणे घेऊन उतरताना चिखलात घसरली होती, अजून तिला त्या हाताने घागर उचलत नाही. मी म्हणालो, जपून उतरले तर कोणी पडत नाही. झाले! योगेश्वरीने सभेतली सतरंजी ओढली आणि माझ्या हाती दिली. "मंग उतरून दाखवा. हे धुऊन आना."

अख्खी सभा माझ्यामागे तलावावर. मी कडक इस्त्रीचा कुर्ता सांभाळत, सतरंजी खांद्यावर घेऊन, तलावाच्या बांधावरून, त्या निसरड्या पारीवरून, उतरू लागलो. दुसरे पाऊल टाकले ते कुठे पडले हे मला आजही सांगता येणार नाही. गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिलो तेव्हा चष्मा नव्हता आणि सतरंजी डोक्यावर होती. बिसनलाल वरून पोट धरून हसत होता. तरी हात द्यायला धावला (मनाने वाईट नाही हो), आणि तोही माझ्या शेजारी आला. वर बायका हसत होत्या, पण दुर्पताबाई हसत नव्हती. ती सारखी ओरडत होती, "बाप्पा, तिकडं पाय नोका टाकू, तिकडं गोटे हायेत!" तिचा तो आवाज ऐकून मला पाण्यातच घाम फुटला. मी बिसनलालकडे पाहिले. तो म्हणाला, "घाट." मी म्हणालो, "घाट." दोघांनी ओले हात वर केले, पारीवर सगळ्या गावाने केले, आणि ग्रामसेवकाने तिथेच 'एकमताने मंजूर' लिहिले.

परवा घाट पुरा झाला. चांगल्या रुंद पायऱ्या, कपडे बदलायला आडोशाची भिंत. पहिला मान दुर्पताबाईला दिला. ती पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत राहिली. भाऊ, अध्यक्षाने स्वतः पाण्यात उतरून निर्णय घेतल्याचे दुसरे उदाहरण या तालुक्यात कोणी दाखवावे! पण खरे सांगू? लोक आता मला 'योगेश्वरीबाईचे घरवाले' म्हणतात, आणि मी छाती काढून चालतो.

आपला,
गोवर्धन टेंभरे

ता. क. — पत्राचे खरे कारण राहिलेच. येत्या निवडणुकीत आमचे सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव आहे. बाया योगेश्वरीच्या मागे लागल्या आहेत, पण ती म्हणते, मोठा भाऊ हो म्हणेल तर. तेव्हा तिला दोन ओळी लिहा. मी सांगितले असे कळू देऊ नका.

ता. क. २ — भाऊ, हे पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं. मी कालच बायांना हो म्हणून बसली. तुमच्या दोन ओळी यांनाच लिहा, यांच्याच छातीत धडधड होऊन राहिली. — योगेश्वरी