उन्हाळ्याची ओळ

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि परवापासून मला माझ्याच स्वयंपाकघरात जायची भीती वाटते आहे.

तुझं ते गाणं. शिजलेली हळद खळ्यावर पसरताना म्हणायचीस. 'लेक आली पावसाळा, अंगणभर पाय ग. लेक झाली हिवाळा, दाराआड राहे ग.' इथं थांबायचीस. लेकरू वयाच्या ज्या ऋतूत आहे तिथवरच म्हणायचं, पुढचं तोंडातून काढायचं नाही, असा तुझ्या माहेरचा नेम. तिसरी ओळ तू एकटी असलीस की स्वतःसाठी गुणगुणायचीस, आणि मी कुडाआडून ऐकायची. मी बारा वर्षांची होते, वसमतकडच्या त्या मळ्यात बायांनी मला गायला लावलं. मी तिन्ही ओळी म्हटल्या. 'लेक झाली उन्हाळा, घरी नाही माय ग.' बाया हसता हसता गप्प झाल्या. तू टोपलं टाकून आलीस, पिवळ्या पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलंस. "काहून म्हटलं ग? तुहा उन्हाळा आला न्हाई अजून!" चारचौघींत अपमान केलास म्हणून मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. पुढच्याच महिन्यात तुला ऊन लागलं आणि तू गेलीस. मग भाकऱ्या थापायला मी बसले.

ऊन लागून माणसं मरतात, हे मला कळतं; दवाखान्यात नोकरी करते मी. तरी ते गाणं पुन्हा तोंडात आणलं नाही. माझी लेक सहा वर्षांची आहे, तिला तर ऐकूही दिलं नाही. परवा दुपारी ती अंगणात ठिकरी खेळत पहिल्या दोन ओळी म्हणत होती. चाल तुझीच, आणि 'दाराआड'च्या आधी तू घ्यायचीस तो श्वाससुद्धा. मी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. "कोणी शिकवलं?"

ती रडायलाच लागली. "तूच तर म्हनतीस, भाकरी करताना. रोज. शेवटचं लई हळू म्हनतीस."

आज सकाळी ओठ घट्ट मिटून भाकरी थापली. ती दारात बसून माझ्याकडे बघत होती आणि तालात मान डोलवत होती. मी पिठाचा हात ओठांवर ठेवून पाहिला; ते मिटलेलेच होते, आई.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी ती ओळ चुकून निघाली नव्हती. नेम मला पक्का ठाऊक होता. मला लवकर मोठं व्हायचं होतं.