नावु म्हणजे कोण?

२ फेब्रुवारी

सभा पार पडली. पंजुर्ली देवाच्या स्थानाचं शाकारलेलं छप्पर जाणार, कौलं येणार! पुत्तूरहून तंत्री, म्हणजे मुख्य पुजारी, आलेले, म्हणून सगळं कानडीत. आमच्याकडे भांडण तुळूत, कचेरी मल्याळममध्ये, पैंच्या दुकानात कोंकणी — सभा मात्र कानडीत, इस्त्रीच्या शर्टासारखी.

मोनप्पाअण्णा उठून म्हणाला, "यापुढे देवाचा दिवा नावु लावू." तंत्रींनी विचारलं, कुणाची हरकत? मी हात जोडले, मान हलवली. मामांच्या मागे संध्याकाळचा दिवा मीच लावत आलोय. अण्णा माझ्या मावशीचा मुलगा, एका ताटात जेवून वाढलो. आता दिवाही दोघं मिळून लावू. बरं वाटलं.

काल वात पुढे सारताना बोट भाजलं. फोड आलाय. लिहिताना दुखतो, ओळही वाकडी जाते.

३ फेब्रुवारी

फाटकाला कुलूप! नवीन, पितळी.

अण्णा तिथंच उभा होता. "अण्णा, किल्ली?"

"सभेत सांगितलं ना? आम्ही लावणार."

तुळूत म्हणाला — एंकुळु. नम नाही म्हणाला. नम म्हणजे आपण, तुला धरून. एंकुळु म्हणजे आम्ही, तुला सोडून. कानडीत दोन्हींना एकच शब्द, नावु. त्या शब्दात मी आपला आपणच जाऊन बसलो होतो!

"तू तर मान हलवलीस, सगळ्यांसमोर," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

तेलाची बाटली तशीच परत आणली. गिरिजानं काही विचारलं नाही. माझी बायको, भरली बाटली परत आलेली बघते आणि विचारत नाही!

४ फेब्रुवारी

संध्याकाळी हातांना काम नाही.

६ फेब्रुवारी

मोयदु मासे घेऊन आला. बातमी त्याच्या सायकलीआधीच गावभर झालेली.

"काय सेसप्पा, तुमच्यात देवालाही कोंडून ठेवतात?" मग हळूच, "हे बघ, अण्णाशी भांडायचं तर मल्याळममध्ये भांड. तुळूत तू आधी 'अण्णा' म्हणतोस आणि तिथंच हरतोस."

"मल्याळममध्ये मला शिव्या येत नाहीत."

"मी शिकवतो की! आमच्या ब्यारी बोलीतल्या हव्यात तर त्याही देतो. शेजारधर्म!"

हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तारली म्हणून टोपलीतून बांगडा उचलला, तर ओरडला, "लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष कुठं असणार.

९ फेब्रुवारी

अण्णाच्या अंगणात गेलो. म्हटलं, मामांनी शेवटी समई माझ्या हातात दिली होती, तू शेजारी होतास — आठवतं?

तो ओटीवरून कानडीत बोलला. माझ्याशी! जन्मात कधी बोलला नव्हता. "तुम्ही घरी जा." मला 'तुम्ही' म्हणाला. तुळूत हे त्याच्या तोंडून निघालं नसतं, एवढं मला कळतं. म्हणून तर कानडी! परक्याचे कपडे घालून आपल्याच माणसाला हाकलायचं.

येताना पायरी चुकली, गुडघा फुटला. देवा, तुला दिसतंय ना सगळं?

११ फेब्रुवारी

ठरलं. नेमोत्सवात नाचणाऱ्याच्या अंगात देव आला की गावासमोर त्यालाच विचारणार — तुझ्या दिव्याला मी परका का? देव तुळूत बोलतो. तिथं नावु चालायचं नाही.

१२ फेब्रुवारी

दिवेलागणीला पेज वाढताना गिरिजाला ते सांगितलं. डाव तिच्या हातात थांबला.

"देवाला नका विचारू. तुमचं बोट भाजलं त्या संध्याकाळी ज्योत छपराला लागली होती. तुम्हाला दिसलंसुद्धा नाही. मागून येऊन मी विझवली. दिवा तुमच्याकडून काढून घ्या, असं अण्णाला आम्हीच सांगितलं."

एंकुळु. माझ्याच स्वयंपाकघरात.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तुमची आई. आमचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांनी अण्णाला शपथ घातली होती."

अंगणात जाऊन उभा राहिलो. ती मागोमाग आली.

"बघा, अण्णानं दिवा लावलाय. किती लख्ख दिसतो इथून!"

बराच वेळ बघत राहिलो. समोर नुसता अंधार.

"हो," म्हणालो.