लिफ्टच्या एजंटसाठी दोन पानं

३ मार्च, सोमवार
आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाचा फोन एआय एजंट घेतो. त्याने काय बोलावं याचं सूचनापत्र मी लिहिलंय. अठ्ठेचाळीस पानं. आज मॅडमनी बोलावून सांगितलं की एजंट गोंधळतोय, पुढच्या सोमवारपर्यंत दोन पानांवर आणा. म्हटलं, दोन दिवस पुरेत, मुळात मी मितभाषी माणूस. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

४ मार्च, सकाळी ९.३०
कापाकापीला सुरुवात. पान एक, कंपनीचा इतिहास. काढवत नाही. आपण कुठे काम करतो हे एजंटला नको कळायला? पान दोन, स्वागताचे शब्द. त्यांना हात लावणं म्हणजे संस्कारांवर घाला.

संध्याकाळी ५
एक 'कृपया' काढला. वाक्य उघडंबोडकं दिसायला लागलं. परत घातला.

५ मार्च
'थोडक्यात बोल' एवढ्याने भागत नाही. थोडक्यात म्हणजे काय, हे समजावून द्यायला हवं. 'संक्षेपाचे महत्त्व' हे प्रकरण लिहून जोडलं. उदाहरणांसह सहा पानं. एकूण चोपन्न. पण दिशा आता योग्य आहे.

६ मार्च
फॉन्ट लहान केला, समास आवळले. एकोणचाळीस पानं. एका दुपारीत पंधरा पानं उडवली.
आमचा मुख्य मेकॅनिक डोकावला. सगळे त्याला 'पाना' म्हणतात. म्हणाला की एजंटला पानं दिसत नाहीत, शब्द दिसतात. वर म्हणे त्याला स्वतःला तीनच गोष्टी लागतात: इमारत कुठली, आत किती जण, कुणाला त्रास होतोय का. मी हसलो. इतकं सोपं असतं तर कंपनीने मला कशाला ठेवलं असतं? ज्याने त्याने आपल्या नटबोल्टपुरतं बोलावं.

७ मार्च, शुक्रवार
आज खरोखरच एक ओळ काढली. पान एकतीसवर एकटीच लोंबकळत होती: 'दम लागत असेल तर बाकी प्रश्न सोडून आधी मेकॅनिकला कळवा.' ना आगा ना पिछा. शिवाय लेआउट बिघडत होता.
सुधारित प्रत मॅडमना न दाखवता थेट चालू केली. सुखद धक्का देणार.

८ मार्च, शनिवार
आई लिफ्टमध्ये अडकली. आमच्याच इमारतीत, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. दाताच्या डॉक्टरकडून येत होती. तिला दमा आहे, पंप घरात. मी ऑफिसात अनुक्रमणिका जुळवत होतो.
एजंटने आधी इतिहास सांगितला. मग लिफ्ट कुठल्या साली बसवली ते विचारलं, मग प्रवासाचं कारण. आईने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मध्ये दोनदा म्हणाली की दम लागतोय. एजंटने, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, असं म्हणून पुढचा प्रश्न विचारला.
शेवटी बायकोने जिन्यातून पानाला मोबाइल लावला. तो बारा मिनिटांत आला, दार उघडलं, आईला पंप मिळाला. आता बरी आहे. म्हणते की मध्येच फोन ठेवणं बरं दिसेना, अगदी तुझ्यासारखंच बोलत होता रे. मी हे कौतुक समजतो. बायको म्हणाली की ते कौतुक नाही. त्यानंतर दिवसभरात ती चारच शब्द बोलली. संक्षेप घरातही रुजतोय.

१० मार्च, सोमवार
मॅडमनी सगळ्यांसमोर त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. एकोणीस मिनिटं. शेवटी शेवटी आईचा आवाज येत नाही, नुसता श्वास येतो. घरी तिने हे सांगितलं नव्हतं.
मॅडमनी विचारलं की पान एकतीसवरची ओळ कुणी काढली. मी म्हटलं, असं काम म्हणजे सामूहिक जबाबदारी असते. कॉम्प्युटरवर बदल करणाऱ्याचं नाव दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

१२ मार्च
पानाने लिहिलेलं सूचनापत्र लागू झालं. अकरा ओळी. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या मी तातडीने मॅडमच्या नजरेस आणल्या. मॅडम म्हणाल्या की एजंटला समजतंय.

१५ मार्च, शनिवार
आज खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका अडकल्या. त्या वर येऊन आईला सांगून गेल्या की दोन-तीन प्रश्न झाले आणि दहा मिनिटांत माणूस दारात. आईला फार बरं वाटलं. जेवताना तिने अगदी साधेपणाने विचारलं की मग तुझं तिथे काय काम असतं रे?
सविस्तर लिहून देतो म्हटलं. तासभर बसलो. दीड ओळ झाली. तीही जरा लांबलीय असं वाटतं.