सतरा एकांची बाकी

अण्णा, तुमचा आकडा तुटला, त्याला भाग गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे मला आज कळलंय.

कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊन तुम्हाला घरी बसवलं, त्या पहिल्याच सकाळी धायरीच्या घरी स्वयंपाकघरात तुम्ही माझी जुनी पाटी घेतलीत आणि एका ओळीत मावतील तितके एकाचे आकडे लिहिलेत. सतरा मावले. याला कशाने भाग जातो बघू, म्हणालात. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, हाताला काहीतरी चाळा हवा, असं आम्हाला वाटलं. शेजारच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की याला निःशेष भागणारी संख्या असलीच, तर तिला चौतीसने भागल्यावर एकच उरेल. झालं. तेव्हापासून रोज सकाळी तुम्ही चौतीस-चौतीसच्या उड्या मारताय, आई पोळ्या लाटता लाटता पाढे म्हणतेय, बाकी उरली की ती ओल्या फडक्याने पाटी पुसतेय आणि तुम्ही पुढचा आकडा घेताय. हजारांचे लाख झाले, तरी भाग जाईना.

मी सॉफ्टवेअरमध्ये लागल्यावर एकदा विचारलं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाकून बघू का? तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "भागाकार यंत्राने करायचा, तर जेवायलाही त्यालाच बसव." मी पुन्हा विषय काढला नाही. शेवटच्या आजारात मात्र तुम्हीच म्हणालात, "तुटतो की नाही, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." तोवर तुम्ही बावीस लाख ओलांडले होते.

आज दुपारी शेजारच्या टेबलावरचा सहकारी मोठ्या संख्या फोडून त्यांचे भाजक काढणारा प्रोग्राम दाखवत होता. कुठलाही आकडा सांग, म्हणाला. माझ्या तोंडून सतरा एक निघून गेले. बटण दाबलं आणि उत्तर समोर. पापणी लवायलाही वेळ मिळाला नाही. तुमच्या इतक्या वर्षांच्या सकाळी, आईचे इतके पाढे, आणि हे असं? मला राग आला, कोणाचा ते कळेना. मग आकडे वाचले. दुसरा भाजक पाचशे कोटींच्या पुढचा, पण पहिला वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. हा तर तुम्ही ओलांडला होतात! तुमचा भागाकार चुकणं शक्य नव्हतं.

घरी येऊन आईला आकडा सांगितला. ती लाटणं हातात घेऊन खालीच बसली. "हा तुझ्या नोकरीच्या दिवसाचा," म्हणाली. खरंच की. मी नोकरीला लागले त्या दिवशी आपण कोणत्या आकड्यावर होतो, हे तुम्ही पुढे भेटेल त्याला सांगायचात. मीच कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. त्या सकाळी मी बातमी घेऊन आले आणि तुम्ही भागाकार अर्ध्यावर टाकून सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटायला निघालात. आईला ताटं मांडायची होती. तिने पाटी पुसली. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, बाकी उरली ना? ती म्हणाली, उरली. रोजच उरायची, अण्णा. तिला तरी काय माहीत.

मग आईने मला माळ्यावरून पाटी काढायला लावली. ती पाढे म्हणत गेली, मी भाग देत गेले. शेवटी खाली शून्य आलं. ओलं फडकं तिच्या हातात होतं, पण तिने पाटी पुसली नाही. तशीच देवघराशी नेऊन टेकवली.

मी हे लिहितेय आणि ती दारात उभी राहून विचारतेय, "ह्यांना कळवलंस का?"

मी म्हटलं, कळवलं.